कुसुमताईंचा ओटीपी

समाधान मूळचा हिंगोलीकडचा. चाकणच्या एका कंपनीत मशीनवर काम करता करता तो वेबसाइट बनवायला शिकला आणि पुढं हिंजवडीत नोकरीला लागला. पण चाकणजवळच्या कुरुळीतली राहती जागा काही त्यानं सोडली नाही. तिथंच त्याची बायको भाग्यश्री पाळणाघर चालवायची. पोरांच्या आया कंपनीतल्या शिफ्टवरून सारख्या फोन करायच्या, बाळ जेवलं का, झोपलं का. बायकोला जरा उसंत मिळावी म्हणून समाधाननं एक साधं ॲप केलं. पोरांचे फोटो, खाण्याझोपण्याच्या नोंदी, सगळं क्लाउडवर. लिंक उघडली की दिसायचं.

दिसायचं, पण कुणालाही. एक दिवस कंपनीच्या बसमध्ये त्यांच्यातल्या एकीला, स्वरूपाला, कुण्या अनोळखी माणसानं विचारलं, तुमचा मुलगा आज लई रडत होता ना? ती उतरली ती थेट पाळणाघरात आली. ऐकून समाधानचा चेहराच उतरला. तिची माफी मागून त्यानं ॲप तिथल्या तिथं बंद केलं आणि सुट्टीत मान मोडून लॉगिन बसवलं. आता आईच्या मोबाइलवर ओटीपी येणार आणि तिला फक्त आपल्याच लेकराचं दिसणार.

ॲप पुन्हा सुरू झालं आणि भाग्यश्रीला फोन आला तो स्वरूपाच्या सासूबाईंचा, कुसुमताईंचा. गावी बसून त्या रोज त्या लिंकवर नातवाला बघायच्या.

"मी आजी हाय त्याची. मला कशापायी बंद केलं?"

हे समाधानच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग आईला आपल्या माणसांचे नंबर जोडता येतील अशी सोय त्यानं केली. स्वरूपानं पहिला नंबर सासूचा टाकला. त्या दिवशी समाधान घरूनच काम करत होता, म्हणून त्यानं स्वतःच कुसुमताईंना फोन लावला. ओटीपी आला तशा त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. त्यानं मध्येच थांबवलं.

"मावशी, हा आकडा कुणाला सांगायचा नसतो."

"तुला बी न्हाई?"

"मला पण नाही."

त्यांना ते पटलं. चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, दुसरा मागवावा लागला. समाधान फोन कानाला लावून बसून राहिला. मग पलीकडून हसू ऐकू आलं. फोटोत पोराला स्वेटर उलटा घातलाय, म्हणाल्या.

समाधाननं फोन भाग्यश्रीच्या हातात दिला आणि पोराला मांडीवर घेऊन स्वेटर काढायला लागला.