आरशामागची चिठ्ठी

लग्नाला सहा वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं, आणि त्या सहा वर्षांत डॉक्टरांच्या खोलीत मी एकदाही आत गेलो नव्हतो. बायको आत जायची, मी बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. कोणी मला आत बोलावलं नाही, आणि मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मूल ही बायकांकडची बाब, आपण फक्त घेऊन यायचं आणि घेऊन जायचं, अशी माझी समजूत होती.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. आम्ही नाशिक रोडला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो: आई, वडील, मी आणि बायको. धाकटी बहीण लग्न होऊन सासरी गेली होती. वडील निवृत्त झाले होते आणि असल्या विषयात तोंड उघडत नसत. आई दोघांच्या वाटचं बोलायची. बायको नामपूरची, शेतकऱ्याच्या घरातली, मॅट्रिक झालेली. तिची गर्भपिशवी दोनदा धुऊन झाली. नळ्यांचा फोटो झाला. सोमवार झाले, गुरुवार झाले, सोळा शुक्रवार झाले. त्र्यंबकला तीन दिवस राहून नारायण नागबळीही केला. कणकेचा नाग करून त्याचं यथासांग दहन केलं. मी नवं पांढरं धोतर नेसून गुरुजी सांगतील तसं पाणी सोडत होतो आणि मनात म्हणत होतो, हिच्यासाठी आपण किती करतो!

माझ्यात काही उणं असेल हे मनात येण्याचं कारणच नव्हतं. मी रोज दंडबैठका काढत होतो. नवराबायको म्हणून आमचं व्यवस्थित होतं. ते व्यवस्थित असलं की मूल होणारच, नाही झालं तर खोट जमिनीत, असं सगळेच धरून चालायचे. आई म्हणायची, "पुरुषात कसला दोष? तो काय आजारी आहे?"

एक दिवस शहरात नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोचे सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "यजमानांची तपासणी कुठंय?" बायको म्हणाली, ते बाहेर बसलेत. बाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली. प्रयोगशाळेचं नाव, आणि खाली लिहिलं होतं: वीर्यतपासणी. बायकोने बाहेर येऊन ती माझ्या हातात ठेवली. मी वाचली. घरी आल्यावर ती जमिनीवर टाकून म्हणालो, "त्या बाईला माझी लाज काढायला आणखी काही सुचलं नाही का?" बायकोने चिठ्ठी उचलून माझ्या दाढीच्या आरशामागे खोचून ठेवली. पाच महिने ती तिथंच होती. रोज सकाळी मी तिच्यासमोर दाढी करत होतो.

मनात मात्र एक कीड होती. स्टेशनकडच्या भिंतींवर मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: 'लहानपणीच्या चुका', 'धातू जाणे', 'निराश होऊ नका'. असल्या चुका कोणी केलेल्या नसतात? शाळेत असताना एका मास्तरांनी सांगितलं होतं की, वीर्याचा एक थेंब तयार व्हायला रक्ताचे चाळीस थेंब लागतात. ते मी पक्कं धरून ठेवलं होतं. शेवटी एका वैद्याच्या तंबूत शिरलो. त्याने नाडी धरली, डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "लग्नाआधी?" मी मान खाली घातली. एवढ्यावर त्याचं निदान झालं. एकवीस पुड्या, दुधातून. पोट तेवढं बिघडलं.

त्याच सुमारास माझ्या चुलतबहिणीचं डोहाळजेवण आलं. ओटी भरायला बायका एकामागून एक पुढे होत होत्या. बायको तांदूळ-नारळ घेऊन उठली तशी आईने सगळ्यांच्या देखत तिचा हात धरला आणि म्हणाली, "तू राहू दे." का, ते सगळ्यांना कळलं. मी दारात उभा होतो. मी पाहिलं आणि गॅलरीत निघून गेलो.

पुढच्या महिन्यात आईने दुसरी मुलगी पाहायला सुरुवात केली. सरकारी नोकराला दोन बायका चालत नाहीत, म्हणून आधी काडीमोड, मग लग्न, असा तिचा हिशेब. बायकोला 'थोडे दिवस' नामपूरला धाडायचं ठरलं. ती पिशवी भरून निघाली तेव्हा आरशापाशी गेली, चिठ्ठी काढून माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाली, "एवढं एक करा. मग काय ठरवायचं ते ठरवा."

मी गेलो. धैर्याने वगैरे नाही, घर फार रिकामं वाटत होतं म्हणून. प्रयोगशाळेने बाटली दिली होती आणि बजावलं होतं की, तासाभराच्या आत आणा आणि थंड होऊ देऊ नका. त्या दिवशी बस आली नाही. मी बाटली बंडीच्या आतल्या खिशात, छातीला लावून ठेवली आणि सायकल हाणली. उपनगरच्या नाक्यावर खात्यातल्या एकाने हात करून थांबवलं. "चल, चहा घेऊ!" नको म्हटलं तर तो हँडल सोडीना. "एवढी काय घाई? आग लागलीय का कुठं?" शेवटी सासरे अत्यवस्थ आहेत असं सांगून सुटलो. तो पुढे आठवडाभर मला भेटेल तिथं सासऱ्यांची तब्येत विचारत होता.

पहिल्या वेळी निकाल आला, तो पाहून बाई म्हणाल्या, एकदा पाहून काही ठरवायचं नसतं, पुन्हा करा. तीन आठवड्यांनी पुन्हा सायकल, पुन्हा बाटली. निकाल तोच. वीर्यात शुक्राणू एकही नाही.

"पण आमचं तर सगळं नीट चालतं," मी म्हणालो. हे वाक्य परक्या बाईसमोर मी कसं बोललो कोण जाणे.

"चालत असेल. त्याचा आणि याचा संबंध नाही," बाई म्हणाल्या. "शेंग भरदार दिसते म्हणून आत दाणा असतोच का?"

मी खाली पाहत विचारलं, "लहानपणीच्या सवयीने झालं असेल?"

त्या हसल्या. "त्याने होत असतं तर अख्खं नाशिक ओस पडलं असतं. त्याने काही होत नाही. आणि रक्ताचे थेंब-बिंब तर डोक्यातून काढूनच टाका. वयात आल्यावर गालगुंड झाले होते का? खाली सूज आली होती?"

झाले होते. सोळाव्या वर्षी. गालाला लेप होता, आणि चौथ्या दिवशी खाली दोन्हीकडे अशी सूज की, मला मांडी मिटता येत नव्हती. आईने गावच्या वैद्यांना बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, बहुतेकांचं काही बिघडत नाही, क्वचित एखाद्याचं बिघडतं. इलाज नाही. तुमच्या बायकोत मात्र काहीही दोष नाही.

मी रिपोर्ट खिशात घालून घरी आलो आणि अकरा दिवस कोणाला काही बोललो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. बायको नामपूरला सोमवार धरत होती आणि मी इथं दोन वेळ जेवत होतो. रविवारी मुलीकडचे येणार, असं आईने सांगितलं, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. ती दुसरी मुलगी येईल, तिचीही पिशवी धुतली जाईल, तिचाही हात कोणीतरी धरेल. मी शनिवारीच नामपूरची एसटी पकडली.

सासरे ओट्यावर होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बठा. पोर मयामा शे." मी मळ्यात गेलो. ती कांदा निंदत होती. बांधावर उभं राहूनच मी तिला रिपोर्ट दिला. तिने हात पदराला पुसले, वाचला, घडी घातली.

"कधीचा आहे?"

"अकरा दिवस झाले."

तिने रिपोर्ट मला परत दिला आणि म्हणाली, "धाकट्या वन्संचं डोहाळजेवण पुढच्या शुक्रवारी आहे ना? मी येईन. ज्या बायकांसमोर माझा हात धरला, त्यांच्यासमोर खरं सांगा. सांगितलंत तर राहीन. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने परत."

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी गालगुंड म्हणालो आणि तिचा हात सुपातच थांबला. "वैद्य म्हणाले होते," ती हळूच म्हणाली. "सूज खाली उतरलीय, पुढं मुलाबाळांना अडचण येईल कदाचित. येईलच असं नाही म्हणाले. मला वाटलं, तुला अडचण नसेल आली."

"आणि तिला सहा वर्षं?"

"तुझं नाव कसं घेणार होते रे मी?"

मी आईवर ओरडलो. आयुष्यात तेवढाच एकदा. ओरडता ओरडता लक्षात आलं की, तिने जे सहा वर्षं केलं तेच मीही अकरा दिवस केलं होतं, आणि आवाज आपोआप खाली आला. मुलीकडच्यांना निरोप गेला. बायकोची अट मी आईला सांगितली. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

शुक्रवारी बायको आली. पिशवी दाराशीच ठेवली, आत नेली नाही. खोली बायकांनी भरलेली, मधे पाटावर माझी धाकटी बहीण. मी कपांचा ट्रे घेऊन दारात. ओट्या भरणं सुरू झालं. बायको भिंतीला टेकून उभी होती, पुढे झाली नाही. एकदा तिने पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आई उठली. तांदूळ, नारळ, खण सुपात घेतले आणि ते सूप बायकोच्या हातात दिलं. मग बायकांकडे वळून, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "माझ्या मुलाला गालगुंड झाले होते. सूज खाली उतरली होती. मला ठाऊक होतं. दोष त्याच्यात आहे, हिच्यात काही नाही. तेव्हा मी हिचा हात धरला, ते चुकलं."

बायको पुढे झाली, तिने बहिणीची ओटी भरली आणि दाराशी येऊन पिशवी आत नेली. खोलीतल्या बायका मात्र एकएक करून दाराकडे, माझ्याकडे, बघायला लागल्या. कोणाच्या नजरेत कीव, कोणाच्या चौकशी. ट्रे खाली ठेवून गॅलरीत निघून जावं असं वाटलं. गेलो नाही. मिनिटभरच होतं ते, मग सगळ्यांनी चहा घेतला. तिने ते सहा वर्षं सोसलं होतं, आणि तिला गॅलरीही नव्हती.