शिंजिरासाठी टांगलेली बाटली

बाळ जन्मायच्या आधी पोटातच गेलं, आणि बायकोने बोलणं सोडलं. सत्तरच्या दशकातला शेवटचा उन्हाळा असेल. करडी गावातल्या आमच्या घरात ती परसाच्या दाराकडे तोंड करून पडून राही. ताट समोर तसंच निवून जाई. फक्त जास्वंदीवर शिंजीर आला, अंगठ्याएवढा, निळाकाळा, की तिची नजर हलायची. तेवढ्यावर मी दिवस ढकलत होतो.

मग विहीर तळाला गेली, जास्वंद वाळली आणि शिंजीर येईनासा झाला. माझं धाबं दणाणलं. पाखरू गेलं तर हीसुद्धा जाईल, असं माझ्या मनाने घेतलं.

वाटीत साखरपाणी ठेवलं, ते खारींनी आणि मुंग्यांनी फस्त केलं. दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली मागून आणली, उलटी टांगली, नळीचं टोक वर वळवलं. ऊन चढलं की बाटलीतली हवा फुगे आणि सगळा पाक जमिनीवर! म्हणून काठोकाठ भरून सावलीत बांधली, वर ओलं पोतं गुंडाळलं. गळती थांबली, तर मुंग्या तारेवरून उतरल्या. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात, ते आठवलं. नारळाची करवंटी तारेत ओवली, शेजारच्या मासेमाराकडून डोंग्याला, म्हणजे लहान होडीला लावायचं डांबर आणून भोक बुजवलं, करवंटीत पाणी भरलं. मुंग्या हरल्या. पाखरू काही आलं नाही.

आई वैतागली. "पाखराले साखर पाजून राहिला, अन् बायको उपाशी हाये! कायले करतं हे?"

"मंग काय करू, तूच सांग!" मी ओरडलो. मी त्या बाटलीखाली बसून लाजलज्जा सोडून रडलो.

मागे ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बायको उठली होती. भिंत धरत ती परसात आली. एका हातात कात्री, दुसऱ्यात तान्ह्या बाळाचं टोपडं, लालभडक, कोरं. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याचे कपडे शिवत नाहीत, अपशकुन मानतात. हिने ते चोरून शिवलं होतं. इतके दिवस ती स्वतःलाच बोल लावत पडली होती, आणि मी मुंग्यांशी भांडत होतो. आईनेही ते टोपडं पाहिलं.

"लाल काहीच नाही हाये तिथं," बायको म्हणाली. "त्याले कसं समजन, फूल कुठी हाये?"

टोपडं कापून तिने पाकळ्या केल्या आणि नळीच्या टोकाभोवती बांधल्या.

सकाळी शिंजीर आला. थोडा फडफडला, मग त्या लाल कापडात चोच घालून पीत राहिला.

"पिऊन राहिला," ती म्हणाली, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच तिने हंबरडा फोडला. आई धावत गेली आणि तिला पोटाशी धरून बसली.