'नाही' म्हणायला शिकलेल्या विहीणबाई

मंदारराव हॉस्पिटलमधून आले ते बूट न काढताच घरात आले. आमचे जावई म्हणजे टापटिपीचं माणूस, चपलासुद्धा दाराबाहेर जोडी लावून ठेवणार. मी कोथिंबीर निवडत बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि मला समजलं... "आई, आई गेली," एवढंच म्हणाले. मलाही आई म्हणतात, त्यांनाही आईच म्हणायचे. याला आता दीड महिना होत आला.

सुलभाताई माझ्या विहीणबाई. सिंगापुरात, लेक-जावयाच्या सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. दोन विहिणी एका खोलीत, हे ऐकून लोक हातच जोडायचे! भांडण कधी नव्हतं हो, पण मोकळेपणाही नव्हता. मी पडले मुलीकडची, त्या म्हणतील त्याला "हो, हो" म्हणायची सवय लग्न ठरल्यापासूनची. आणि त्या माझ्याहून भिडस्त. भाजीत मीठ नसलं तरी "छान झालीय हं" म्हणून मुकाट जेवायच्या.

एकदा मॉलमध्ये कॉफीच्या दुकानासमोर त्या एकदम थांबल्या आणि हातातली पिशवी खाली ठेवली. मला वाटलं चक्कर आली, म्हणून दंडाला धरलं, तर बघते काय, खांदे हलतायत! आत एक गाणं वाजत होतं. गिटार, ट्रम्पेट, भाषा कुठली ते कळेना, पण ठेका असा की पाय जागेवर राहीना. दुकानातली मुलगी म्हणाली, "पश्चिम आफ्रिकेतली जुनी गाणी, आंटी. आता सगळे परत शोधून ऐकतायत." सुलभाताईंचे डोळे भरून आले. "अहो, हे आमचं अक्रातलं!"

घरी येईपर्यंत बसमध्ये बोलत होत्या. लग्न झाल्या झाल्या त्या घानाला, अक्रा शहरात गेलेल्या, यजमान तिथल्या कापडगिरणीत. देश नुकता स्वतंत्र झालेला, लोकांच्या अंगात नुसता उत्साह. शनिवारी क्लबात बँड असायचा. शेजारणीनं सुलभाताईंना साडी खोचून नाचायला शिकवलेलं! यजमान एरवी चार शब्द न बोलणारे. पण एका रात्री एक गाणं सुरू झालं, ते उठले, सगळ्यांसमोर बायकोचा हात धरला आणि नाचले... हसत हसत. तेवढं एकदाच. पुण्याला परत आल्यावर पुन्हा कधी नाही. "मला आता त्यांचा तो हसरा चेहराच आठवेनासा झालाय हो," त्या म्हणाल्या. "भिंतीवरच्या फोटोतला तेवढा दिसतो. ते गाणं लागलं ना, की दिसेल."

मग काय, शोध सुरू! लेकीनं टॅबलेटवर गाणी कशी काढायची ते दाखवलं. गाण्याचं नाव ठाऊक नाही, गाणाऱ्याचं नाही. सुलभाताई भजनाच्या चालीत काहीतरी गुणगुणायच्या आणि मी बोट फिरवत जायची. एका दुपारी मी एक लावलं, तर म्हणाल्या, "हेच हो, हेच!" मी आनंदानं त्यांना ओढून उठवलं, दोघी हॉलभर नाचलो. शेजारचे चिनी आजोबा दारात येऊन त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत, "आंटी, पार्टी आह?" मी शिरा केला, त्यांनाही वाटीभर दिला.

पण नंतर सुलभाताई ते गाणं लावायला सांगेचनात. खोदून विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, "ते नव्हतं हो. तुमचा चेहरा इतका फुलला होता, नाही म्हणवेना."

"अहो, ही काय भीड झाली?" मी तडकलेच. "भाजी अळणी चालेल, पण यजमान दुसरीचे कसे चालतील?"

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. त्या दिवसापासून मात्र बाई बदलल्या. दोन ओळी झाल्या न झाल्या की हात वर. "नाही. पुढचं." मग भाजीलाही, "आज मीठ कमी पडलंय." माझ्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली आणि मला बरं वाटलं, असं जन्मात पहिल्यांदाच झालं. ती विहीण राहिली नव्हती, मैत्रीण झाली होती.

पुढे आजारी पडल्या, तेव्हा हॉस्पिटलमध्येही मी फोन त्यांच्या कानाशी धरायची. बोलता येत नव्हतं, फक्त बोट हलायचं... नाही. शेवटच्या संध्याकाळी एक गाणं त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मी आवाज थोडा वाढवला. आणि मग बोट हललं. नाही.

मी अजून जेवणानंतर टॅबलेट घेऊन बसते. लेक म्हणते, "आई, आता कशाला?" काय सांगू तिला? परवा एक गाणं लागलं आणि अंगावर काटाच आला. बाजूच्या रिकाम्या पलंगाकडे वळून मी विचारलंसुद्धा, "हेच का हो?"

हात कुणी वर केला नाही. गाणं शेवटपर्यंत वाजत राहिलं.