नारळ फुटेपर्यंत

“प्यालाय त्यो,” आबा म्हणाले आणि विहिरीच्या काठावरची माणसं हसली.

खाली कमरेएवढ्या पाण्यात गहिनाथ उभा होता. भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होता. वरून कुणी हाक मारली की बऱ्याच वेळाने मान वर करायचा आणि जीभ जड झाल्यासारखा बोलायचा. हातातली पहार निसटली, ती त्याला सापडेना. पाण्यात नुसता चाचपडत राहिला. काठावरच्यांना ही फुकटची करमणूक होती.

बहात्तरच्या दुष्काळातला हिवाळा होता. मी जामखेड तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर होते. नगरची मुलगी, डिग्री नवी, तोंड फटकळ. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना कॉलऱ्याची लस टोचायची ड्युटी लागली होती, म्हणून सकाळीच खर्डा रस्त्यावरच्या त्या गावी पोचले होते. गावची पिण्याच्या पाण्याची विहीर आटली होती आणि ती आणखी खोल करायचं सरकारी काम चालू होतं. त्या दिवशी भल्या पहाटे गहिनाथच्या पहारीखाली झरा फुटला. सगळं गाव खुशीत होतं. गहिनाथ काही खुशीत दिसत नव्हता.

त्या गावची एक रीत होती. ज्याच्या पहारीला पाणी लागलं, त्याने नारळ फुटेपर्यंत वर यायचं नाही. तो आधी वर आला तर पाणी रुसतं आणि दुसरीकडे वळतं. एरवी या रितीचा कुणाला त्रास नसे. पाणी लागलं की कुणीतरी धावत नारळ आणायचा, फोडायचा, की माणूस वर. पण हे काम पडलं सरकारी. तेव्हा नारळ साहेबांच्याच हातून फुटला पाहिजे, असं आबांनी ठरवलं. आबा म्हणजे गावचे सरपंच. साहेब म्हणजे कामावरचे डेप्युटी इंजिनिअर, मुक्काम जामखेडचं रेस्ट हाउस. सायकलवरून निरोप गेला. ‘आंघोळ करून निघतो’ असा उलटा निरोपही आला. उन्हं चांगली वर आली तरी आंघोळ आटोपली नव्हती. किती मळ साचला होता कोण जाणे.

काठावरची मंडळी घोंगड्या पांघरून शेकोटीभोवती बसली होती. ताटात नारळ, हळदकुंकू, उदबत्त्या, सगळं तयार. खाली गहिनाथ उघडा, लंगोटीवर, आणि डोक्यावर भिंतीतला पाझर ठिबकत होता.

“आबा, त्याला वर घ्या,” मी म्हणाले.

“घिऊ की. साहेब आलं की घिऊ.”

“तो प्यालेला नाही. गारठलाय.”

“गारठंल कशानं? हिवाळ्यात हिरीचं पानी कोमट असतंय बाई. तुमी नगरच्या. तुमाला नळाचंच पानी ठावं.”

मंडळी पुन्हा हसली. विनोद करायला सरपंच आणि हसायला मतदार, हा जोड महाराष्ट्रात कुठेही मिळतो.

विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं हे खरं, पण ते हाताला. अंगातली ऊब त्याहून पुष्कळ जास्त असते आणि पाणी ती हवेपेक्षा फार भराभर ओढून घेतं. तापलेलं दूध लवकर निववायचं तर आपण भांडं पाण्यात ठेवतो. माणूसही तसाच निवतो. त्यातून पोटात फक्त आदल्या दिवशीची सुकडी, दुष्काळी कामावर वाटतात ती. आधी माणूस कापतो. कापणं म्हणजे शरीराने स्वतःला तापवायची केलेली धडपड. मग बोटं ऐकत नाहीत, जीभ अडखळते, डोकं चालेनासं होतं. बघणाऱ्याला वाटतं प्यालाय. डॉक्टरी भाषेत याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि तो बर्फातच होतो असा शिकलेल्यांचाही समज असतो.

“आन बगा,” आबा मला समजावत म्हणाले, “मगा लई कापत हुता. आता कापतबी न्हाई. सवय झाली अंगाला.”

अंग गार असताना कापणं थांबलं, म्हणजे शरीर हरलं. यानंतर माणसाला झोप येते. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला झोप आली तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

गहिनाथची बायको सुभद्रा माझ्याशेजारी उभी होती. “बाई, मी कवाची म्हनतीय त्यास्नी वर घ्या. कुनी ऐकंना.”

“तुज्या नवऱ्यापायी गावाचं पानी घालवू व्हय?” आबा म्हणाले.

मैलोन् मैल डोक्यावरून पाणी आणणाऱ्यांत सुभद्राही होती. तिच्या तोंडावर असा शब्द फेकायला सरपंचाला काहीच वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

मी वाकून ओरडले, “गहिनाथ, डोल खाली सोडायला सांगते. बस त्यात.”

तो वर बघत राहिला. मग म्हणाला, “नारळ... फुटला का?”

आणि गुडघ्यात वाकून खाली बसला. पाणी हनुवटीला लागलं. त्याने डोळे मिटले.

बाईमाणसाने नारळ फोडायचा नाही ही दुसरी रीत. ती मला चांगली माहीत होती. मी ताटातला नारळ उचलला. विहिरीवर यारी होती, म्हणजे डोलातून गाळ आणि दगड वर ओढायचा हातरहाट. तिच्या लोखंडी पायावर नारळ हाणला. पहिल्याच फटक्यात फुटला. अर्धं पाणी माझ्या साडीवर, अर्धं विहिरीत.

“फुटला नारळ,” मी म्हणाले. “आता घ्या वर.”

कुणी हललं नाही. चुकीच्या माणसाने नारळ फोडला तर काय करायचं, हे रितीत कुठेच नव्हतं. सगळ्यांत आधी सुभद्राने यारीच्या दांड्याला हात घातला. मग दोन पोरं उठली. एकजण डोलात बसून खाली गेला, त्याने गहिनाथला काखेत धरलं, आणि डोल वर आला.

इथून पुढे उत्साहाला भरतं आलं. मघापासून गंमत बघणारा जो तो आता वैद्य झाला. कुणी त्याचे हातपाय चोळायला धावलं, कुणी त्याला शेकोटीत ढकलायला निघालं. आबा म्हणाले, “बाटली हाय का कुनाकडं? घोटभर द्या, ऊब यील.” मघाशी प्यालाय म्हणून हसणारे आता त्याला पाजायला निघाले होते.

मी सगळ्यांना दूर हाकललं. दारूने कातडीखालच्या शिरा रुंदावतात. वरून गरम वाटतं आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर जाते. हातपाय चोळले की तिथलं गार रक्त एकदम काळजाकडे येतं. आणि बधिर झालेलं अंग आगीजवळ धरलं तर भाजल्याचंही कळत नाही. करायचं ते साधं असतं. आडवं निजवायचं, ओलं काढायचं, कोरडं पांघरायचं, धड आधी तापवायचं. साधं असतं म्हणूनच कुणाला पटत नाही.

काखेत थर्मामीटर लावला. पारा तळाशी होता तो तिथेच राहिला.

एवढ्यात जीप आली. साहेब उतरले. ओव्हरकोट, मफलर, माकडटोपी, हातमोजे. आंघोळ झालेली दिसत होती.

“टेंपरेचर किती?” त्यांनी विचारलं.

“पारा चढतच नाही.”

“म्हणजे ताप नाही. गुड.”

“साहेब, ओव्हरकोट काढा.”

“माझा?”

“इथे दुसऱ्या कुणाचा आहे?”

काढावा लागला. गाव बघत होतं. दोन घोंगड्या आणि तो कोट, त्यांच्या आत गहिनाथ, आणि त्याच्या छातीशी घट्ट सुभद्रा. जिवंत माणसाची ऊब फार चांगली, ती भाजत नाही. साहेब मात्र भर उन्हात कुडकुडू लागले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने गहिनाथ कापायला लागला. दात वाजू लागले. सुभद्रा घाबरून रडली. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. “कापू दे,” म्हणाले, “आता जगला तो.” गिळता येऊ लागलं तसं त्याला गुळाचं गरम पाणी पाजलं. पहिला घोट पोटात गेल्यावर त्याने विचारलं, “नारळ कुनी फोडला?”

“साहेबांनी,” आबा म्हणाले. डोळ्याची पापणीही लवली नाही.

मी तोंड उघडलं, तर सुभद्राने कोटाखालून माझा हात दाबला. मी गहिनाथला पुढचा घोट पाजला.

मग साहेबांनी दुसरा नारळ फोडला. ज्याच्या पहारीला पाणी लागलं त्याला बांधायचा फेटा आबांनी साहेबांना बांधला, माकडटोपीवरूनच. गहिनाथ काही दिवस केंद्रावर राहिला आणि पुन्हा दुष्काळी कामावर, आता खडी फोडायला गेला. झरा टिकला. साहेबांचा हात गुणाचा, असं गाव म्हणू लागलं. झरा आटला असता तर हात माझा ठरला असता. ओव्हरकोट न्यायला साहेबांचा शिपाई त्याच दिवशी आला होता.

पुढची सगळी नोकरी मी खेड्यांतच केली. थंडीत बाहेर काम करणाऱ्यांना एवढंच सांगत आले: ओला माणूस आधी वर काढा आणि कोरडा करा, आणि कापणारा कापायचा थांबला तर धावा. देव, साहेब आणि नारळ थांबू शकतात. या तिघांपैकी कुणाला थंडी बाधल्याची केस माझ्याकडे कधी आली नाही.