साहेबाचा आवाज

मेधा पुण्यात शाळेत इतिहास शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आली, तरी तिचं वेड काही सुटलं नाही. दर वर्षी मराठी मंडळासाठी ती मुलांचं नाटक बसवायची. २०१४ साली तिनं अठराशे सत्तावनचं स्वातंत्र्ययुद्ध घेतलं. त्याला 'बंड' म्हटलेलं तिला खपायचं नाही. "युद्ध काय एका दिवसात पेटतं?" ती मुलांना दटावायची. "आधी माणसं वर्षानुवर्षं मुकाट ऐकून घेतात. ते दिसलं पाहिजे!"

बुकित बातोक भागात त्यांच्या इमारतीखाली रविवारची तालीम चालली होती. घरची हेल्पर वर्ती, जावाहून आलेली, कोपऱ्यात शिपायांच्या डगल्यांना बटणं लावत होती. रविवार खरं तर तिच्या सुट्टीचा. पण नाटक होईपर्यंत कसली आलीय सुट्टी, असं मेधानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

गोरा साहेब झाली होती इरा, मेधाचीच दहा वर्षांची लेक. तिचा आवाज काही चढेना.

"अगं, खरंखुरं ओरड की!" मेधा खेकसली.

इरानं कमरेवर हात ठेवला, बोट नाचवलं आणि शिपायावर कडाडली, "हाऊ मेनी टाइम्स मस्ट आय टेल यू? आय कॅन सेंड यू बॅक एनी टाइम!"

जमलेल्या आयांनी वळून मेधाकडे पाहिलं. तो आवाज, ते बोट, सगळं मेधाचं होतं. रोज सकाळी स्वयंपाकघरात वर्तीवर उगारलेलं. कुठे तोंड लपवू, असं मेधाला झालं.

"आई, आता हे लोक फाइट करणार ना?" इरानं विचारलं.

तेवढ्यात वर्तीनं सुई खाली ठेवली, रोजच्यासारखी मुकाट उठली आणि मेधापुढे पाण्याची बाटली धरून उभी राहिली.