एसीचा पहिला आकडा

आमचे बाबा कुणाचं ऐकत नाहीत, हे सुभानपुऱ्यातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून दुपारचं जेवण झालं की एसी अठरावर लावून ते ताणून देत. आईचा खांदा आखडलेला, त्या गारठ्यात तो ठणकायचा. "जरा वाढवा हो," असं ती वर्षानुवर्षं म्हणत राहिली, आणि शेवटी चटई घेऊन हॉलमध्ये पंख्याखाली निजू लागली. मे महिन्यातल्या बडोद्यात पंख्याखाली झोप कसली, नुसतं भाजून निघणं.

यंदा जुन्या एसीने मान टाकली. नवा बसवायला आलेला माणूस म्हणाला, "काका, चालू करशो एटले चोवीस पर ज शरू थशे. पछी तमारी मरजी. सरकारी नियम छे."

"म्हणजे सरकार आता माझ्या बेडरूममध्ये," बाबा आमच्याकडे वळून म्हणाले.

मी कायदा शिकवते. कायदा म्हटला की दंड, परवाना, कोर्टाची तारीख. हा नियम मला अगदीच मिळमिळीत वाटला. विजेची बचत व्हावी म्हणून बंधन घातलं कंपन्यांवर, तेही फक्त सुरुवातीच्या आकड्याचं: एसी चालू केला की चोवीसवर सुरू व्हावा, पुढे ज्याची त्याची मर्जी. रिमोट बाबांच्याच हातात. असल्या नियमाला ते काय भीक घालणार?

पहिले काही दिवस त्यांनी रिमोट रोखून आकडा अठरावर आणलाच. पण झोपून उठलं की भिंतीवरचं बटण बंद करायची त्यांची काटकसरी सवय, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस. मग कधी कंटाळून ते बावीसवरच थांबू लागले. एका दुपारी पाहते तर रिमोट तसाच उशाशी, आणि बाबा चोवीसवर घोरतायत. मी दारात थक्क होऊन उभी राहिले. ना हुकूम, ना दंड, ना भांडण. कुठल्याशा कचेरीत कुणीतरी एक आकडा ठरवला होता, आणि त्याने आमच्या घरातल्या सगळ्यात हट्टी माणसाला वळवलं होतं, त्यांना पत्ताही न लागता. इतकी वर्षं शिकवूनही कायद्याची ही ताकद मी पहिल्यांदाच पाहत होते.

आई मागून आली. तिने आकडा पाहिला, हॉलमधली चटई गुंडाळून ठेवली आणि बाबांशेजारी चादर ओढून पडली. मला भरून आलं. रागही आला. यंत्राचं ऐकलं, हिचं नाही.

संध्याकाळी ती चहा गाळत होती तेव्हा मी म्हटलं, "बाबांना सांगू या का, की चोवीसवर तुला किती छान झोप लागली?"

"अजिबात नको," आई हळूच म्हणाली. "मला हेच हवं होतं असं कळलं, तर उद्या पुन्हा अठरा करतील."