पंख्याच्या कागदावरचे वळ

मस्कतच्या गाला भागात, चित्रांच्या फ्रेमिंगच्या दुकानात मी आणि मामू शेजारी-शेजारी काम करायचो. सख्खे मामा नव्हेत ते. रत्नागिरीकडच्या आमच्याच गावचे, माझ्या कितीतरी आधी मस्कतला आलेले. काच कापायला मला त्यांनीच शिकवलं. दोन हजार चौदाच्या सुमारास साखरेच्या आजारानं त्यांची नजर अधू व्हायला लागली. मापाची पट्टी नाकाशी नेऊन ते हळूच विचारायचे, "किती रे?" मी सांगायचो. दुकानात बाकी कुणाला याचा पत्ता नव्हता.

एके दिवशी एक जपानी बाई आल्या. त्यांनी एक पातळ कागद उलगडला. लाकडी ठशांनी छापलेलं जुनं चित्र, हातपंख्याच्या आकाराचं. खाडी, दोन होड्या, पलीकडे निळे डोंगर. तो कागद कधीकाळी खरोखरच पंख्यावर चिकटवलेला होता. काड्यांचे बारीक वळ त्यावर अजून दिसत होते.

"आईचं आहे," बाई म्हणाल्या. "चिकटवू नका, दाबू नका. वळ राहू देत."

त्या गेल्या आणि मला सूर शहरातल्या एका हॉटेलात चित्रं लावायला जायचा निरोप आला. गाडी बाहेर हॉर्न देत होती. मामू नमाजला गेले होते. 'प्रेस करू नये' अशी चिठ्ठी लिहून मी चित्राच्या पाकिटावर ठेवली आणि निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, मामूंना ती वाचता येणार नाही. फोन हातात घेतला. मग म्हटलं, विचारतील कुणाला तरी. फोन केला नाही.

दोन दिवसांनी परतलो तर मामू खुशीत होते. "बघ, सगळ्या सुरकुत्या काढल्या!"

गरम प्रेसखाली चित्र पुठ्ठ्याला कायमचं चिकटलं होतं. गुळगुळीत.

चित्र न्यायला आलेल्या बाईंनी त्यावरून एकदाच बोट फिरवलं आणि त्या स्टुलावर बसून राहिल्या. मालकानं चिठ्ठी मामूंपुढे धरली. "पढो."

मामूंनी सगळ्यांदेखत ती नाकाशी नेली. बराच वेळ.

"गलती मेरी है, अर्बाब."

"खलास," मालक हळू आवाजात म्हणाला.

मला सगळं ठाऊक होतं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझाही व्हिसा त्याच माणसाच्या हातात होता. मी काच पुसत राहिलो.

महिनाअखेरीस मामूंची गावी परतायची बॅग मीच भरली. ते म्हणाले, "बोलला नाहीस ते बरं केलंस. दोघांनी घरी बसून काय करायचं होतं?"

त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. पुढच्या सुट्टीत मी भेटायला गेलो, तेव्हा ते पडवीत बसले होते. मी अगदी समोर उभा राहिलो.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. दुकानाचं काही विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.